छताखालचे सरगुंडे

सरगुंडे आमच्याकडे उन्हाळ्यात होतात. सरकांड्याच्या काडीवर कणकेची बारीक वळी गुंडाळत न्यायची, काडी अलगद ओढून घ्यायची आणि उरलेली पोकळ नळी खाटेवर वाळत टाकायची. माझ्या मायच्या हातचे सरगुंडे गल्लीत नावाजलेले होते. त्यामुळे विहाराच्या छताला खालून जे लटकायला लागलं होतं, त्याला हे नाव तिनंच दिलं यात नवल नाही.

"स्लॅबले सरगुंडे आले बाप्पा," मी पुसदहून एका रविवारी गावी गेलो तेव्हा ती म्हणाली. "सात हायेत. मी मोजले. एकाच्या टोकाले थेंब हाये, तो पडतही नाही आन् वाळतही नाही."

मी चहा तसाच ठेवून विहारात गेलो. मूर्तीच्या वर, छताच्या पश्चिमेकडच्या भागात, बोटभर लांबीच्या पांढऱ्या नळ्या लटकत होत्या. त्या खरोखरच सरगुंड्यांसारख्या पोकळ होत्या. खाली फरशीवर पांढरे गोल डाग पडले होते, आणि मूर्तीच्या डोक्यावर थेंब पडू नयेत म्हणून कुणीतरी आडवा पत्रा बांधला होता.

मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. हे काय आहे ते मला बघताक्षणी कळलं. सिमेंट पाण्यानं घट्ट होतं तेव्हा त्यातून थोडा चुना सुटतो आणि काँक्रीटच्या पोटात राहतो. काँक्रीट भरीव असेल तर तो तिथंच पडून असतो. पण आत बारीक वाटा राहिल्या असतील तर पावसाचं पाणी त्या वाटांनी झिरपतं आणि जाताना चुना सोबत नेतं. छताखाली आलेला थेंब लटकून राहतो. त्याला हवा लागली, हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला, की विरघळलेल्या चुन्याचा दगड होऊ लागतो, थेंबाच्या काठावर कंकणासारखा. थेंब पडतो, कंकण राहतं. पुढचा थेंब त्याच कंकणातून उतरतो आणि आपलं कंकण त्याच्या खाली जोडतो. डोंगरातल्या गुहेत या कामाला शेकडो वर्षं लागतात. स्लॅबखाली दोन पावसाळे पुरतात.

आणि त्या बारीक वाटा येतात कुठून? बहुतेक वेळा जास्तीच्या पाण्यातून. माल कालवताना गरजेपेक्षा जास्त ओतलेलं पाणी पुढं उडून जातं, पण त्यानं अडवलेली जागा रिकामीच राहते.

छताचा पूर्वेकडचा मोठा भाग कोरडा होता. पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा तेवढा ओला. मधली रेघ जवळजवळ सरळ होती. ती रेघ तिथं का आहे हे दोनच माणसांना माहीत होतं. एक मी आणि दुसरे, स्लॅब घालणारे मिस्त्री मामा. मामांनी ते कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, आणि त्या न सांगण्याबद्दल मी आज लिहितो आहे.

आमची गल्ली गावाच्या उगवतीला. दारव्ह्याहून जीपनं पाऊण तास. माझ्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हापासून विहार म्हणजे एक कुडाची खोली होती. पक्का विहार बांधायचा असं माझ्या लहानपणापासून ठरत होतं. शेवटी दर घरानं पहिल्या वेचणीतलं कापसाचं एक गठुडं विहाराचं म्हणून बाजूला काढायचं ठरलं, आणि पाच-सहा हंगामांनंतर भिंती उभ्या राहिल्या. मिस्त्री मामा गल्लीतलेच. नात्यानं मामा नव्हेत, पण सगळेच त्यांना मामा म्हणायचे. आजूबाजूच्या पाच गावांत स्लॅब म्हटलं की त्यांनाच बोलावणं जायचं. मी गल्लीतला पहिला ओव्हरसियर, म्हणून देखरेख माझ्याकडे.

स्लॅबचा दिवस मार्चअखेरचा होता, जयंतीच्या आधी काम उरकावं म्हणून. सकाळी सात वाजता मिक्सर सुरू झाला. रेती, गिट्टी, सिमेंट टाकणारे खाली, शिडीवर आणि वर बायामाणसांची साखळी, घमेली हातोहात वर जात होती. पाण्याचा डबा मात्र मामांच्या हातात. तेलाचा जुना डबा होता तो, आत खिळ्यानं एक खूण केलेली. मामा त्या खुणेपर्यंत पाणी भरायचे, ओतायचे, मिक्सरमधून मूठभर माल काढून हातात दाबायचे. मुठीत लाडू झाला आणि बोटं ओली झाली नाहीत, की मान हलवायचे.

आमच्याकडे एक रीत होती, आणि तीच नडली. स्लॅबच्या दिवशी शेवटचं घमेलं पडेपर्यंत कुणी जेवायचं नाही. स्लॅब सगळ्यांनी मिळून ओतायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. दुपारचे तीन वाजले तरी तिसरा हिस्सा बाकी होता. विहिरीजवळ वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं झाकून ठेवलं होतं. ऊन रणरणत होतं. साखळीत माझी माय होती. तिच्या हातून दोनदा घमेलं निसटलं. माल घट्ट असल्यानं घमेल्याला चिकटत होता, वर सळईनं ठासणारी पोरंही चिडली होती.

"साहेब, हे माल हाये का गूळ?" वरून एकानं ओरडून विचारलं. "निघूनच नाई राह्यला घमेल्यातून!"

"तुह्या सासूले बोलाव चाटाले!" साखळीतून एका बाईनं उत्तर दिलं आणि सगळे हसले. पण हसण्यातही दम उरला नव्हता.

मी अर्ध्या लोकांना जेवायला बसवून अर्ध्यांकडून काम चालू ठेवू शकलो असतो. रीत मोडायला सांगण्याचा मान त्या दिवशी माझ्याकडे होता. पण मला पाचची जीप गाठायची होती. दुसऱ्या दिवशी पुसदला वरिष्ठांचा दौरा होता. मी मिक्सरजवळ गेलो आणि मामांना म्हणालो, "मामा, पाणी थोडं वाढवा. माल पातळ झाला की भराभर जाईल."

"बस झालं बाबू एवढं पाणी. पुढं रडन ते."

"मामा, मी हेच शिकलोय."

मिक्सर धडधडत होता. आमचं बोलणं आम्हा दोघांपुरतंच राहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. मग त्यांनी डबा काठोकाठ भरला. बाकीच्यांनी एवढंच पाहिलं की मामांनी पाणी ओतलं आणि माल सैल झाला. साखळीला हुरूप आला. साडेचारला स्लॅब संपला. मी दोन घास खाऊन जीपकडे पळालो. मामा मात्र जेवायला बसले तेव्हा त्यांनी हात धुतले नव्हते, असं माय नंतर सांगत होती. ते बसून आपल्या मुठीकडे पाहत होते म्हणे.

पुढचे पंधरा दिवस स्लॅबवर मातीच्या पाळी घालून पाणी साठवलं. विहीर आटत आली होती, तरी बायांनी घरच्या हंडे-गुंडांतलं पाणी वर नेऊन ओतलं. त्यांनी काही कमी केलं नाही.

सरगुंडे दिसले त्या रविवारी वंदनेनंतर सगळे माझ्याभोवती जमले. एका म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, "साहेब, दोन वर्सं नाई झाले, काहून गळून राह्यलं?"

उत्तर माझ्या तोंडात होतं. मी छताकडे पाहिलं. माय दाराशी उभी होती, मुलाचं बोलणं ऐकायला. मी म्हणालो, "कामात काही तरी राहून गेलं असेल. मिस्त्रीला विचारा."

एवढंच बोललो. मामा त्या दिवशी बाहेरगावी होते. मी कुणाचं नाव घेऊन खोटं बोललो नव्हतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. पण गावात साहेबाच्या तोंडून आलेलं एवढं वाक्य पुरतं. आठवड्याभरात पारावर बोलणं सुरू झालं की सिमेंटची पोती पूर्ण पडलीच नाहीत. कुणी म्हणालं, "विहाराचं सिमेंट खाणारा मानूस, त्याले घर कोन देईन बांधाले?" मामांच्या अंगणातला नवा रांजणाचा ओटा लोक बोटानं दाखवू लागले. तो ओटा विटा आणि मातीचा होता. पण पाहायला कोण जातंय?

ते कापसाच्या पडझडीचे दिवस होते. आमच्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात रोज यायचं, कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेतातून हाती काही लागत नव्हतं, म्हणून ज्यांच्या हातात दुसरं काही काम होतं ते त्या कामाला धरून होते. मामांकडे तीन एकर कोरडवाहू आणि थापी. थापीला बोलावणं येईनासं झालं.

एका हिवाळ्यात खरेदी केंद्र उघडायला उशीर झाला. घराघरात कापूस छताला टेकला होता. एका एकट्या मावशीचं घर कुडाचं, तिनं आपला कापूस विहाराच्या एका कोपऱ्यात ठेवला, पश्चिमेच्या. अवकाळी पाऊस दोन दिवस पडला. सरगुंड्यांच्या टोकांतून थेंब गळत राहिले. कापसावर चुन्याच्या पांढऱ्या खपल्या धरल्या, आतून बोंडं चिकटून गोळे झाले. पांढऱ्यावर पांढरं, दुरून कळतही नव्हतं. मावशी ते गोळे हातात घेऊन मामांच्या दारात गेली आणि तिनं तोंडाला येईल ते ऐकवलं.

मामांनी घरातला आपला कोरडा कापूस तिच्या ओट्यावर टाकला आणि तिचा ओला आपल्या घरी नेला. हे मला मायनं सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"तू काहून नाई बोलत त्या मानसासाठी?" तिनं विचारलं. "तू तं तिथंच होता त्या दिवशी."

"माय, जुनं झालं ते."

"जुनं झालं तं गळते काहून?"

त्या उन्हाळ्यात मामा राजूरकडे गेले, चुन्याच्या भट्टीवर. साठीच्या आसपासचा माणूस, हाताखाली चार गडी ठेवून काम करणारा, तिथं टोपल्या वाहू लागला. तीन-चार वर्षं ते तिकडेच होते, पावसाळ्यात पेरणीपुरते यायचे. मी दरम्यान बढती घेतली. गावी जायचो तेव्हा विहारात पूर्वेकडच्या बाजूला बसायचो. वर पाहायचो नाही. पण वंदना चालू असताना टप् असा आवाज आला की माझी मान आपोआप खाली जायची. सरगुंडे हातभर झाले होते. लहान पोरं ते काठीनं पाडायची, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा यायचे. काही ठिकाणी नळीचं तोंड बंद होऊन पाणी बाहेरून ओघळायचं आणि तिथं गाठी यायच्या.

मामा परतले ते खोकला घेऊन. एका दुपारी मी विहारात एकटा होतो तेव्हा ते आत आले. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, वर चढले आणि एका नळीच्या टोकाशी बोट नेलं. थेंब त्यांच्या बोटावर आला. त्यांनी तो अंगठ्यावर चोळला.

"भट्टीवर चुना भिजवला का वरचं पानी काचेवानी दिसते," ते म्हणाले. "रातभर ठेवलं का सकाळी त्याच्यावर साय धरते. पातळ, दुधावानी. बोट लावलं का मोडते. मी पाह्यलं तवा मले समजलं, हे तेच हाये. हवा लागली का चुना पुन्हा गोटा होते." त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं. "तुले तं आधीच ठाऊक असन."

"हो मामा."

"इथून सुरू होते." त्यांनी छतावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. "इथून तिकडं एक बी नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्टुलावरून उतरायला मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला. त्यांचा तळहात चुन्यानं भाजून टणक झाला होता. मला तेव्हाच बोलायचं होतं. मी म्हणालो, "सांभाळून मामा." आणि घरी आलो. ही माझी तिसरी चूक. पहिल्या चुकीला निदान ऊन आणि घाई अशी कारणं होती.

त्यानंतर एक-दोन महिन्यांत स्लॅबखालचं काँक्रीट एका जागी सुटलं आणि गंजलेली सळई दिसू लागली. दुरुस्ती आता टाळता येणार नव्हती. विहारात बैठक बसली. दारव्ह्याचा ठेकेदार बोलवायचा असं जवळपास ठरलं होतं. मामा मागं भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी हळूच हात वर केला.

"मले करू द्या. मजुरी नको. माह्या हातचं हाये, माह्या हातानं नीट होऊ द्या."

कुणीतरी हसलं. "मामा, आता कोनतं पोतं राह्यलं घरी न्यायचं?"

"अबे, मोठ्या मानसाले असं बोलतेत का?" एक म्हातारा म्हणाला, पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता. ती मावशी समोरच बसली होती, पदर तोंडाशी धरून. मामांनी वर केलेला हात खाली घेतला.

मी उठलो. मुद्दा कसा मांडावा ते मी ठरवून आलो नव्हतो, म्हणून मी स्टूल घेतलं, वर चढलो आणि ती रेघ दाखवली. "इथपर्यंत मामांच्या मापाचं पाणी आहे. इथून पुढं माझ्या. मामा नको म्हणाले होते. मी त्यांना जास्त पाणी टाकायला लावलं, मला जीप गाठायची होती. सिमेंट पूर्ण पडलं होतं, एक पोतंही इकडचं तिकडं झालं नाही. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी मिस्त्रीला विचारा म्हणालो. मला सगळं ठाऊक असताना म्हणालो."

मग मावशी उठली. मला वाटलं ती माझ्याकडे येईल आणि मला चार शब्द ऐकवेल. मला ते हवेही होते. ती मागं गेली आणि मामांच्या समोर खाली बसली.

मामा मात्र माझ्यावर रागावले. "उतर खाली. पडशीन." मग सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "त्यानं सांगतलं हे खरं हाये. पन डबा माह्या हातात होता. तीस वर्सं थापी चालवली मी. त्याचं शिक्षन दोन वर्साचं. मी डबा खाली ठेवला असता तं त्यानं काय केलं असतं? मी बी भ्यायलो साहेबाले. म्हनून मी आजवर बोललो नाई. अर्धं माह्यं हाये."

"अकरा वर्सं लागले तुले," माय मला घरी जाताना म्हणाली. रात्रीच्या जेवणाला तिनं मला नेहमीसारखं वाढलं, पण माझ्याशी बोलायला तिला पुढं कितीतरी दिवस लागले. ते बरोबरच होतं.

दुरुस्ती मामांनीच केली. मी पंधरा दिवसांची रजा काढली. सुटलेलं काँक्रीट झाडून, सळया घासून खालून भराव केला. वरून भेगा धुऊन सिमेंटची लापशी पाजली, विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकला, पाणी वाहून जावं म्हणून ढाळ दिला. मामा छतावर खुर्चीत बसून सांगायचे, मी कालवायचो. पाणी ओतताना मी त्यांच्याकडे पाहायचो आणि ते "बस" म्हणेपर्यंत थेंब थेंब टाकायचो. त्यांना त्याचं हसू यायचं. "इतकं बी भिऊ नको, दवाई नाई पाजून राह्यला."

पहिल्या पावसानंतर मायचा फोन आला. सरगुंडे कोरडे आहेत, एक थेंब नाही. मग म्हणाली, "पन दाराजवळ गळून राह्यलं." मी गेलो. दाराजवळ, पूर्वेच्या बाजूला, रेघेच्या अलीकडे, ओलसर डाग होता. मामा त्याखाली उभे राहून वर पाहत होते.

"पह्य," ते म्हणाले, "हे माह्या बाजूचं हाये. हे तुह्यावर नाई टाकता येत."

त्याच मावशीचं घरकुल दुसऱ्या वर्षी मंजूर झालं. स्लॅबच्या दिवशी तिनं स्वतः मामांच्या घरून खुर्ची आणून मिक्सरजवळ ठेवली आणि तेलाचा डबा त्यांच्या हातात दिला. त्या खिळ्याच्या खुणेभोवती गंज चढला होता. ओतायला दुसरे मिस्त्री होते, तरुण. पण पाणी मामांनीच मोजलं. मी साखळीत उभा होतो, मायच्या जागी. माल घट्ट होता आणि घमेलं जड लागत होतं.

बारा वाजता मामांनी हात वर केला. "अर्धे जेवाले जा. अर्धे चालू राहू द्या."

"मामा, आपली रीत नाई अशी," कुणीतरी वरून म्हणालं.

"रीत गेली खड्ड्यात. उपाशी मानूस पानी मागते." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पहिले त्याले पाठवा."

मी घमेलं पुढच्याच्या हातात दिलं आणि जेवायला बसलो.